ओळखीचे मिस्त्री

"ही बसलीया. ही बी बसलीया. ही न्हाई."

आबा उकिडवे बसून हातोडीच्या लाकडी दांड्यानं हॉलमधली एकेक लादी ठोकत पुढं सरकत होते आणि मी खडू घेऊन त्यांच्या मागं. ते "न्हाई" म्हणाले की त्या लादीवर मी फुली मारायची. नीट बसलेल्या लादीचा आवाज घट्ट येतो. खाली माल कमी पडला असला तर रिकाम्या डब्यासारखा येतो. पहिल्या दहा-बारा लाद्या मला काहीच फरक कळला नाही. मग एकदम कळायला लागला.

"आबा, ही पोकळ आहे," एका लादीला मी त्यांच्या आधीच म्हणालो.

त्यांनी पुन्हा ठोकून पाहिली आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. "कान बरा हाय की तुझा. उगंच बँकेत गेलास."

आम्ही दोघंही हसलो. घर रिकामं होतं, त्यामुळं हसणं चारी भिंतींवरून परत आलं.

ही दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारची गोष्ट. सांगलीत, मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला 'पारिजात' नावाची चार मजली इमारत नुकतीच उभी राहिली होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी फ्लॅट घेतला होता. आमच्या घराण्यातलं पहिलं सिमेंटच्या छताचं घर. ताब्याच्या कागदावर सही करायच्या आधी काही दोष असतील तर लिहून द्या, असं बिल्डरच्या ऑफिसनं कळवलं होतं. दोष मला कुठून दिसणार? म्हणून मी सकाळीच मिरजेला जाऊन आबांना घेऊन आलो होतो. माझी बायको वैजयंता हिला यायचं होतं, पण तिला पाचवा महिना होता आणि इमारतीची लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती.

माझे वडील, लिंबाजी कारंडे, गवंडी होते. चाळीस वर्षं त्यांनी मिरज-सांगलीत घरं बांधली. आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यानंतर ते मिरजेत दोन खोल्यांत एकटे राहायचे. आमच्या सांगलीच्या भाड्याच्या जागेत त्यांना आणणं शक्य नव्हतं, आणि तीन खोल्यांचा फ्लॅट घेण्यामागं तेच कारण होतं. आतली खोली आबांची, हे वैजयंतानं नकाशा बघतानाच ठरवून टाकलं होतं.

लाद्या संपल्यावर मी त्यांना त्या खोलीत नेलं. ते दारातच थांबले. मग आत जाऊन भिंतीला ओळंबा लावून बघितला, कोपरा काटकोनात आहे का ते गुण्या धरून बघितलं. ही सगळी हत्यारं ते एका खाकी पिशवीतून घेऊन आले होते.

"खिडकी उगवतीला हाय," ते म्हणाले.

"तुमची खोली आहे ही."

"व्हय, वैजूनं सांगितलंय." त्यांनी पावलं टाकत खाटेची जागा मोजली. मग उगाचच खिडकीचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "मी लई खोल्या बांधल्या दिगंबर," एवढंच म्हणाले.

बाथरूम बघायचं राहिलं होतं, पण त्याआधी त्यांना हॉलमधल्या गॅलरीजवळच्या चार लाद्या पुन्हा एकदा ठोकायच्या होत्या. ते गॅलरीकडं तोंड करून बसले. तेवढ्यात जिन्यात बोलणं ऐकू आलं आणि मी आवाज ओळखला.

ते गुळवणी साहेब होते, आमच्या शाखेचे मुख्य व्यवस्थापक. समोरचा फ्लॅट त्यांनी घेतला होता. 'पारिजात'मध्ये जागा शिल्लक आहे हे मला त्यांनीच सांगितलं होतं. ते आज येतील अशी मला कल्पना नव्हती.

इथं मला दोन वर्षं मागं जायला हवं. मी बढतीवर सांगलीच्या शाखेत आलो तेव्हा साहेबांनी मला घरी चहाला बोलावलं होतं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "बांधकामात होते." ते खूश होऊन म्हणाले, "बांधकाम खात्यात का? आमचे मेहुणे तिथंच आहेत. ओव्हरसियर होते का?" मी बशीतलं बिस्कीट उचललं आणि म्हणालो, "हो, तसंच." ठरवून काही मी खोटं बोललो नव्हतो. पण नंतरची दोन वर्षं मी ते नीट जपलं. कुणाशी माझी ओळख करून देताना साहेब म्हणायचे, "कारंड्यांचे वडील ओव्हरसियर होते बरं का, शिस्तीतले माणूस." आणि मी मान खाली घालून हसायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

"अरे वा, कारंडे!" साहेब दारातून आत आले. मागं गुळवणीवहिनी होत्या, त्यांच्या हातात चहाचा थर्मास. साहेबांनी लादीवरच्या फुल्या बघितल्या, मग गॅलरीजवळ पाठमोरे बसलेले आबा बघितले. "मिस्त्री घेऊन आलात! हुशार आहात. मला सुचलंच नाही हे."

आबांच्या दांड्याचा आवाज थांबला.

तीन शब्दांचं काम होतं. 'हे माझे वडील.' आबा माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता आणि गुडघ्यांना सिमेंटची पांढरी भुकटी लागली होती. मला साहेबांचा चेहरा दिसत होता. ते हसतमुख होते, उत्तराची वाट बघत होते.

"हो साहेब," मी म्हणालो. "ओळखीचे आहेत."

आबांनी लगेच वळून बघितलं नाही. ज्या लादीवर हात होता तिच्यावरची धूळ त्यांनी तळव्यानं पुसली. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले, साहेबांकडं वळले आणि हात जोडले.

"नमस्कार साहेब."

"नमस्कार, नमस्कार. मामा, आमचाही फ्लॅट बघता का जरा? समोरचाच आहे," वहिनी म्हणाल्या.

आबांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. कामाच्या ठिकाणी मालकाकडं बघावं, तसं ते बघत होते.

"जाऊ का, कारंडेसाहेब?" त्यांनी विचारलं.

"जा की," मी म्हणालो.

साहेबांच्या फ्लॅटमध्ये ते तासभर होते. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, सगळीकडं त्यांनी लाद्या ठोकल्या, दारं उघडून-लावून बघितली. खडू आता साहेबांच्या हातात होता. त्यांना फार मजा वाटत होती. "मामा, ही?" ते विचारायचे. आबा सांगायचे. मी मागं हात बांधून उभा होतो.

मग बाथरूम. आबांनी बादलीभर पाणी मागितलं आणि फरशीवर ओतलं. पाणी जाळीकडं जायच्या ऐवजी हळूहळू दाराकडं आलं आणि उंबऱ्याशी तुंबून राहिलं.

"ढाळ उलटा हाय साहेब," आबा म्हणाले. ते वाकून, गुडघे पाण्यात टेकवून, फरशीवर हात फिरवत होते. "रोज आंघुळीचं पाणी भाईर येणार. आनि ह्या भितीत मुरणार. चार वर्सांत रंग सुटंल."

तेवढ्यात बिल्डरचा सुपरवायझर पोतदार वर आला. लाद्यांवरच्या फुल्या बघून त्याचं डोकं आधीच फिरलं असावं. आत माणूस वाकलेला बघितला आणि तो दारातूनच ओरडला, "ए, कोण रे तू? कुणी घेतलं तुला आत?"

आबा उठून उभे राहिले. "ढाळ बघतोय साहेब."

"तुला काय कळतंय ढाळातलं? आमचे इंजिनिअर बघून गेलेत. चल, हो बाहेर. साली थापी धरता येत नाही आणि चुका काढायला येतात."

मी तिथंच होतो. पोतदार आणि आबा यांच्यामध्ये, भिंतीला टेकून. आपण आता काही बोललो तर सगळंच बोलावं लागेल, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

"पोतदार," गुळवणी साहेब म्हणाले, "नीट बोला. वयानं मोठे आहेत ते तुमच्यापेक्षा. आणि पाणी कुठं साठलंय ते डोळ्यांनी दिसतंय."

आबांनी दुसरी बादली ओतून दाखवली. शेवटी पोतदारनं वहीत लिहून घेतलं आणि पाय आपटत खाली गेला.

माझ्या वडिलांची बाजू त्या दिवशी घेतली गेली, ती परक्या माणसाकडून.

वहिनींनी थर्मासमधला चहा ओतला. हॉलमध्ये प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर साहेब बसले आणि दुसरी त्यांनी माझ्याकडं सरकवली. "बसा कारंडे." वहिनी खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांनी आबांना म्हटलं, "मामा, थांबा, खालून आणखी एक खुर्ची मागवते." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, हितंच बरं हाय," आणि दाराच्या उंबऱ्यात टेकले. आबा खाली आणि मी खुर्चीवर, असं माझ्या आयुष्यात त्याआधी कधी झालं नव्हतं. मी बसलो. चहा घेतला.

"नाव काय तुमचं?" वहिनींनी विचारलं.

"लिंबाजी."

"मुलंबाळं?"

"एक पोरगा हाय."

"काय करतो?"

"शिकलाय. नोकरीला हाय."

"मग तुमच्याजवळच असतो का?"

आबांनी बशीत चहा ओतला, फुंकला. "न्हाई," ते म्हणाले. "लांब असतो."

"अगंबाई. आणि तुम्हाला या वयात अशी कामं करत फिरावं लागतं? बघत नाही का तो?"

"बघतो की," आबा पटकन म्हणाले. "लई चांगला हाय पोरगा."

मी कपातला चहा संपवला.

निघताना वहिनींनी त्यांच्या हातात काही पैसे ठेवायचा प्रयत्न केला. आबांनी हात मागं घेतला. "कारंडेसाहेबांनी दिल्यात," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून जिना उतरायला लागले.

स्कूटरवर माझ्या मागं बसताना आबा नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी मागचं स्टेपनीचं चाक धरलं. सांगली ते मिरज ते तसेच बसले. घराशी मी स्कूटर थांबवली. ते उतरले, पिशवी खांद्याला लावली.

"तुझी न्हाणी बघायची ऱ्हायली," ते म्हणाले. "त्येच लोकांनी केलीया, तिचा बी ढाळ उलटाच असणार. पाणी ओतून बघ. दुरुस्त करून देईपातूर सही करू नगंस."

"आबा..."

"जा आता. वैजू वाट बघत आसंल. उनाचं फिरू नगंस."

आणि ते आत गेले.

मी वैजयंताला सांगितलं की एकवीस लाद्या पोकळ निघाल्या आणि खोलीची खिडकी आबांना आवडली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

माझ्या बाथरूमचा ढाळही खरंच उलटा होता. बिल्डरनं दोन्ही फ्लॅटचं काम करून दिलं, ताबा मिळाला, आणि मार्चमध्ये वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला. दरम्यान मी एक गोष्ट सतत टाळत होतो. आबा या घरात राहायला येणार होते. समोर साहेब राहणार होते. पुढं काय करायचं याचा विचार मनात आला की मी दुसरं काहीतरी काम काढायचो.

मुहूर्ताच्या चार दिवस आधी मी मिरजेला गेलो. आबा अंगणात कपडे वाळत घालत होते. मी तारीख सांगितली.

"मला काय जमायचं न्हाई," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "खोकला धरलाय. तीन मजले चढवायचं न्हाई मला."

तासाभरात ते एकदाही खोकले नव्हते. आणि लिफ्ट आठवड्यापूर्वीच सुरू झाली होती. मी तसं सांगू शकलो असतो. मला आठवतं, त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. अगदी हलकं वाटलं. 'ओळखीचे आहेत' म्हणाल्यापेक्षा मला आज त्या हलकं वाटण्याची जास्त लाज वाटते.

"बरं," मी म्हणालो. "विश्रांती घ्या."

वैजयंता म्हणाली, आबा नाहीत तर पूजा पुढं ढकलू. मी तिला सांगितलं की आबांनीच उरकून घ्यायला सांगितलंय, गुरुजींना पुन्हा वेळ नाही. तिनं विश्वास ठेवला. माझ्यावर विश्वास न ठेवायचं काही कारण तोवर तिला कधी मिळालं नव्हतं.

वास्तुशांतीला तीसेक माणसं होती. होम झाला, पूजा झाली, जेवणाची पानं मांडायला घेतली. मी पाण्याचा जग घेऊन फिरत होतो. गुळवणीवहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी वैजयंताशी बोलत होत्या. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"अगं, तुमच्या त्या मिस्त्रीमामांना नाही का बोलावलं? मला वाटलं आज येतील. त्यांच्यामुळं आमचं बाथरूम वाचलं. मी त्यांच्यासाठी धोतराचं पान आणलंय."

"कुठले मिस्त्री?" वैजयंतानं विचारलं.

"ते गं, लाद्या बघायला आले होते ते. लिंबाजीमामा."

वैजयंता हसली. "लिंबाजी तर माझ्या सासऱ्यांचं नाव आहे."

"अय्या, हो? पण हे गवंडी..."

"सासरे गवंडीच आहेत माझे," वैजयंता म्हणाली. तिच्या आवाजात कसलाही संकोच नव्हता. तिला ते रोजच्यासारखं साधं वाक्य होतं. "यांनीच आणलं होतं त्यांना घर दाखवायला. आज बरं नाहीये त्यांना, नाहीतर..."

ती मध्येच थांबली, कारण वहिनींनी माझ्याकडं बघितलं होतं. मग तिनंही बघितलं. मी जग धरून उभा होतो. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण तिला ते वाचता आलं. वहिनी नकळत बोलून गेल्या, "ते म्हणाले होते मुलगा लांब असतो," आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

गुळवणी साहेब दोन पावलांवर होते. ते काही न बोलता गॅलरीत गेले. मी त्यांच्या मागं गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण गेलो.

ते खालचा रस्ता बघत होते.

"मी त्यांच्याकडून माझं बाथरूम तपासून घेतलं, कारंडे," ते म्हणाले. "गुडघे टेकून बसले होते ते पाण्यात. उंबऱ्यात बसून चहा प्यायले. मी खुर्चीवर होतो."

"साहेब, माझी चूक झाली. मला वाटलं, तुम्ही..."

"काय वाटलं? मी तुम्हाला कमी समजेन?" त्यांनी प्रथमच माझ्याकडं बघितलं. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला तसला माणूस समजत होता. तुम्ही तुमच्या वडिलांचा अपमान केलात, ते तुमचं तुम्ही बघा. पण तो माझ्या हातून का करवलात? मला सांगितलं असतंत, तर मी उठून उभा राहिलो असतो."

ते आत गेले, पानावर बसले, जेवले. न जेवता निघून गेले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी वैजयंताला आशीर्वाद दिला, घर छान आहे म्हणाले आणि गेले. धोतराचं पान वहिनी देव्हाऱ्याजवळ ठेवून गेल्या.

सगळे गेल्यावर वैजयंता आबांच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसली. मी दाराशी उभा राहिलो.

"त्यांना खोकला झालेलाच नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला तुमच्याशी भांडायचं नाही. या दिवसांत मला तेवढी ताकद नाही." तिनं पोटावर हात ठेवला होता. "मी भाड्याच्या घरी जाते. आबा या घरात येतील, त्या दिवशी मला न्यायला या."

मी तसाच मिरजेला निघालो. चार-साडेचार झाले असतील. आबा शेजारच्या घराच्या पुढची तुटलेली पायरी बांधत होते. अंगावर बनियन, हातात थापी. माझ्या कपाळावरच्या गंध-अक्षता त्यांनी बघितल्या.

"झाली शांत?"

"झाली. आबा, मला..."

"ही दोरी धर जरा," ते म्हणाले. मी पायरीच्या एका टोकाला दोरी धरून बसलो, दुसरं टोक त्यांनी खिळ्याला ओढून बांधलं. दोरीच्या ओळीत त्यांनी विटा लावायला सुरुवात केली. माझी चांगली विजार मातीत गेली होती. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामावर जायचो तेव्हा हेच करायचो.

"साहेबांना कळलं," मी म्हणालो.

थापी थांबली. आबांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेली भीती आली. "कुनी सांगितलं? मी तर काय बोललो न्हाई कुनाला. नोकरीचं काय झालं न्हाई न्हवं?"

"नोकरीचं काय होणार?"

"आरं, मला वाटलं, तू बँकेच्या कागदावर काय तरी येगळं लिवलं आसंल. गवंड्याचं पोर म्हणून घेत नसतील मोठ्या हुद्द्यावर. मला काय कळतंय त्यातलं? म्हणून मी गप ऱ्हायलो. म्हनलं, आपल्या तोंडातनं काय जायला नको. आजून बी तसं काय आसंल तर सांग, मी न्हाई येत तिकडं. मला हितं काय कमी न्हाई."

महिनाभर ते हे मनाशी धरून बसले होते. माझ्या वागण्याला काहीतरी मोठं कारण असणार, असं त्यांनी स्वतःच स्वतःला पटवलं होतं, आणि माझ्या नोकरीसाठी त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं होतं.

हो म्हणावंसं मला वाटलं. खरंच वाटलं. तेवढं एक खोटं त्यांना सोसायला सोपं गेलं असतं.

"नाही आबा," मी म्हणालो. "कागदावर गवंडीच लिहिलंय. पहिल्यापासून."

"गवंडीच हाय?"

"हो."

त्यांनी थापी खाली ठेवली.

"मग कशापायी रं?" त्यांनी विचारलं.

त्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. मी दोरी धरून बसलो होतो. मी रडायला लागलो. आबांनी थापी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "दोरी हलवू नगंस," आणि उरलेल्या विटा लावल्या.

पुढच्या रविवारी सकाळी वैजयंताला आधी 'पारिजात'वर सोडून मी त्यांना घेऊन आलो. वैजयंता खाली फाटकाशी उभी होती. ती त्यांच्या पाया पडली आणि हाताला धरून लिफ्टनं वर घेऊन गेली. संध्याकाळी गुळवणी साहेब आणि वहिनी आले. साहेब आबांच्या पाया पडायला वाकले, तसे आबा घाबरून दोन पावलं मागं सरकले. "नको, नको साहेब, आसं नका करू." धोतराचं पान त्यांनी कपाळाला लावून घेतलं. साहेबांनी नंतर माझ्याशी संबंध तोडले नाहीत, कामातही कधी डूख धरला नाही. पण माझी ओळख करून देताना वडिलांविषयी ते पुन्हा काही बोलले नाहीत.

आबा चार वर्षं आमच्याकडं राहिले. माझ्या मुलीला त्यांनी खांद्यावर घेऊन वाढवलं. इमारतीतले लोक नळ गळला, भिंत ओली झाली की त्यांना विचारायला यायचे. मी सगळ्यांना सांगायचो, "हे माझे वडील." जरा जास्तच मोठ्यानं सांगायचो. घरात ते सुखात होते, असं वैजयंता म्हणायची, आणि बऱ्याच अंशी ते खरंही असेल.

फक्त एक गोष्ट होती. दाराची बेल वाजली की आबा सोफ्यावरून उठायचे. नातीशी खेळत असोत, टीव्ही बघत असोत, बेल वाजली की उठून गॅलरीच्या दाराशी जाऊन उभे राहायचे, भिंतीला लागून. कोण आलंय, आपण कुणाचे कोण लागतो, ते ठरेपर्यंत. मी कितीदा सांगितलं. वैजयंतानं सांगितलं, साहेबांनीसुद्धा हाताला धरून बसवलं. ते "व्हय, व्हय" म्हणायचे. पुढच्या बेलला पुन्हा उठायचे.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली एक सकाळ मला आठवते. त्यांचे गुडघे तेव्हा पार गेले होते. बेल वाजली. मी पेपर ठेवून उठेपर्यंत ते सोफ्याच्या हाताला धरून, धडपडत, उभे राहिलेही होते. मी दार उघडलं.

"आबा, बसा," मी मागं वळून म्हणालो. "दूधवाला आहे."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. पण मी दूध घेऊन दार लावेपर्यंत ते गॅलरीशी उभेच राहिले.